अंशतः खरे आहे

मंगलचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारात चहा पीत उभा होतो. "साहेब गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कोणते साहेब?" आमच्या आवारात काळा कोट घालून फिरणारा प्रत्येक जण साहेबच असतो, आणि माझं निम्मं लक्ष आतल्या पुकाऱ्याकडं होतं.  ती म्हणाली, "आपले शेषरावसाहेब. सकाळी पेपर वाचत खुर्चीत बसले व्हते. वहिनींनी दोनदा हाक मारली, तर ओ नाय..." मी हातातला चहा तिथंच कट्ट्यावर ठेवला. त्या दिवशी माझ्या दोन तारखा होत्या. ज्युनिअरला मुदत मागायला सांगून मी वाळूजच्या बजाजनगरात त्याच्या घराकडं निघालो. रस्ताभर शिफ्टच्या बसगाड्या आडव्या येत होत्या आणि मला उगाचच त्यांच्या ड्रायव्हरांचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या, 'माजी आमदार, कामगारांचे लढवय्ये नेते' वगैरे. लढवय्या म्हणवून घ्यायला तो कधी तयार झाला नसता. पाचोडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो आणि तेव्हापासून मी त्याच्यासाठी 'सल्या' होतो. पुढं वकील झालो, केस पांढरे झाले, नातवंडं झाली, तरी भर सभेत माइकवरूनसुद्धा सल्याच. प्रश्न विचारायची खोड त्याला तेव्हापासूनची. बाजाराच्या दिवशी माझ्या अब्बांच्या कापडाच्या पालावर येऊन तो विचारायचा, "चाचा, हे धुतल्यावर आटतं का?" आणि तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. अब्बा कपाळावर हात मारून घ्यायचे, पण गिऱ्हाईक गेलं की त्याला गूळ-शेंगदाणे द्यायचे. बारावीनंतर मी शहरात कायद्याला आलो, तो वाळूजला कारखान्यात फिटर म्हणून लागला. तिथं युनियन, युनियनमधून राजकारण, आणि एका निवडणुकीत दोन मोठ्या माणसांचं आपसात फाटलं तेव्हा मधल्या मधे याचा नंबर लागला. "मला लोकांनी निवडून दिलं नाही, त्या दोघांनी एकमेकांना पाडलं," असं तो स्वतःच सांगायचा आणि मोठ्यानं हसायचा.

आमदार झाल्यावर त्याला सगळ्यात आवडली ती विधानसभेची प्रश्नांची पद्धत. बाकीचे आमदार निधी, बदल्या, टेंडरं यांच्या मागं, आणि हा तारांकित प्रश्न लिहीत बसलेला. ज्या प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, तो तारांकित. त्याचा साचा ठरलेला असतो. अमुक झालं आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय. शेषरावला हा साचा इतका भिनला होता की घरातही तीच भाषा सुरू झाली. आणि वहिनीही काही कमी नव्हत्या. बाहेर खाऊन आलेला नवरा ताटावर बसून नुसती चिवडाचिवड करायला लागला की त्या विचारायच्या, "आपण बाहेर भजी खाऊन आला आहात, हे खरे आहे काय?" तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "अंशतः खरे आहे."

हे 'अंशतः' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सरकारची उत्तरंही साच्यातलीच असतात. बहुतेक वेळा 'हे खरे नाही' आणि त्याच्याखाली 'प्रश्न उद्भवत नाही'. शेषरावच्या वाट्याला हीच दोन वाक्यं पुन्हा पुन्हा आली. त्याचा जिव्हाळ्याचा प्रश्न एकच होता. वाळूजच्या लहानसहान प्रेस शॉपमध्ये, जिथं पत्र्याचे सुटे भाग ठोकले जातात, तिथं कामगारांची बोटं तुटतात. यंत्राला हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते, पण जाळी असली की माल कमी निघतो, म्हणून शिफ्ट सुरू होताच सुपरवायझर ती काढून ठेवतो. हे वाळूजमध्ये चहाच्या टपरीवाल्यालाही माहीत आहे. शेषराव प्रत्येक अधिवेशनात हा प्रश्न टाकायचा. कधी तो निवडलाच जायचा नाही, कधी निवडला जायचा पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आत गोंधळ होऊन सभागृह तहकूब व्हायचं, आणि छापील यादीत उत्तर वाचायला मिळायचं... हे खरे नाही. बजाजनगरात बोटं नसलेले हात भाजी निवडत होते, पोरांना शाळेत सोडत होते, आणि सरकार म्हणत होतं, हे खरे नाही.

एका अधिवेशनाच्या आधी कामगार खात्याचा एक अधिकारी त्याला आमदार निवासात भेटायला आला. माणूस वाईट नव्हता, शेषरावच मला तसं म्हणाला. त्यानं सांगितलं, "साहेब, एवढा मोघम प्रश्न टाकला तर वर कोणी 'खरे आहे' लिहून देणार नाही. एखादी ठोस घटना द्या, नावासकट. मग 'अंशतः खरे आहे' तरी नक्की येईल." शेषरावला ते पटलं. आणि नाव त्याच्या गल्लीतच होतं. मंगल त्याच्या मागच्या ओळीत राहायची, नवरा गेलेला, पोरगी शाळेत. काही महिन्यांपूर्वी प्रेसवर तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. तिच्या भरपाईच्या दाव्याची तयारी मी करत होतो, तर हाच म्हणाला, "सल्या, जरा दम धर. दावा कोर्टात गेला की तेच कारण देऊन माझा प्रश्न नाकारतील. आधी सभागृहात येऊ दे. सरकारनं एकदा मान्य केलं की तुझ्या दाव्याला वजन येईल." मंगलला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, साहेब."

आणि प्रश्न खरोखरच लागला. सभागृह त्या दिवशी कसं कोण जाणे शांत होतं. दुपारी त्याचा फोन आला, आवाज पोरासारखा. "सल्या, अंशतः आलं!" त्यानं उपप्रश्नही विचारला होता. त्या बाईला जाऊन कोणी विचारलं का, म्हणून. मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी सहमत आहे, तपासून घेतलं जाईल. लगेच पुढचा प्रश्न पुकारला गेला. पण शेषरावच्या लेखी तो दिवाळीचा दिवस होता. त्यानं इकडं परतल्यावर गल्लीत पेढे वाटले. मंगलनं डाव्या हातानं पेढा घेतला आणि शेजारणीला सांगितलं, माझं नाव मुंबईत वाचलं म्हणून.

'अंशतः'च्या पुढं काय छापलंय ते त्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, ते उत्तर मी स्वतः पहिल्यांदा वाचलं ते कोर्टात. दावा दाखल करून बरेच दिवस झाले होते. कारखान्याच्या बाजूचा वकील तरुण होता, फार अदबीनं बोलायचा. त्यानं विधानसभेची छापील प्रश्नोत्तरं पुढं केली. अपघात झाला हे अंशतः खरे आहे. तथापि संबंधित कामगार महिलेने यंत्रावरील सुरक्षा जाळी स्वतःहून काढून ठेवली होती, असे चौकशीत आढळून आले आहे. कामगारानं जाणूनबुजून सुरक्षेचं साधन काढलं असेल तर अशा जखमेची भरपाई मिळत नाही, असं आमच्या कायद्यात आहे. मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

चौकशी कशी झाली ते उलटतपासणीत निघालं. प्रश्न मुंबईहून खात्यात, खात्यातून इथल्या कचेरीत आला, उत्तर ताबडतोब हवं होतं. इथल्या माणसानं कारखान्याला फोन लावला आणि खुलासा मागवला. मालकानं लिहून दिलं की जाळी बाईनंच काढली. तोच खुलासा पायरी पायरीनं वर गेला आणि मंत्र्याच्या तोंडून सरकारचं उत्तर होऊन खाली आला. मंगलला कोणी भेटलं नव्हतं. मी ते ओरडून ओरडून सांगितलं. पण माझ्याकडं साक्षीदार नव्हते. तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायका अजून त्याच प्रेसवर उभ्या होत्या, कोण येणार? समोर मात्र कागद होता, आणि तो सभागृहात ठेवलेला होता. दावा फेटाळला गेला, मी वरच्या कोर्टात अपील टाकलं. शेषरावनं प्रश्न विचारला नसता तर तो कागद जन्मालाच आला नसता, एवढी साधी गोष्ट होती. मी ती त्याला माझ्या ऑफिसात बसवून सांगितली, सांगायलाच हवी होती.  तो म्हणाला, "मला वाटलं, अंशतः म्हणजे निम्मं तरी आपलं..."

त्याच संध्याकाळी तो मंगलकडं गेला. मी बरोबर होतो. त्यानं ते उत्तर तिला वाचून दाखवलं, सगळं, 'तथापि'सकट, आणि त्याच्यामुळंच दावा गेला हेही सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मंगल दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. रडली नाही, भांडलीही नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, "मंग तुम्ही इचारलंच कशाला, साहेब?"

पाच वर्षं मंत्र्यांना अडवणाऱ्या माणसानं तो कागद घडी करून खिशात घातला.  आम्ही चपला घालून निघालो. गल्लीच्या तोंडाशी तो आपल्या घराकडं वळला.

पुढची निवडणूक तो हरला. हरणारच होता, मागच्या वेळी एकमेकांना पाडणारे ते दोघं आता एक झाले होते. त्यानंतर त्यानं ते उत्तर दुरुस्त करून घेण्याचा ध्यास घेतला. मुंबईच्या खेपा घातल्या, ज्या केबिनमध्ये पूर्वी आत जाऊन बसायचा तिच्या बाहेर बाकावर बसला. नव्या आमदाराच्या हातापाया पडून त्याला पुन्हा प्रश्न टाकायला लावला. उत्तर आलं की याबाबत यापूर्वीच सभागृहात उत्तर देण्यात आलेले आहे. ते वाचल्यावर मात्र त्याच्यातलं काहीतरी विझलं. तो कुणालाच काही विचारेनासा झाला. भाजीवालीला भाव विचारायचा नाही, डॉक्टरला आपल्या छातीत काय होतंय ते विचारायचा नाही. मी चिडवायचो, "क्या शेषराव, प्रश्न उद्भवत नाही का?" तो नुसतं म्हणायचा, "हौ." मला त्याचा राग यायचा. माणसानं एवढं हरू नये असं वाटायचं... आता वाटतं, आम्ही बाकीचे तरी काय जिंकलो होतो?

एक गोष्ट तेवढी त्यानं धरून ठेवली होती. नळाला पाणी येण्याचा वार असला की तो सकाळी मंगलच्या दारात जाऊन उभा राहायचा. ती नळाखाली हंडा लावायची, भरला की हा उचलून आत नेऊन ठेवायचा, मग दुसरा. मंगलला एका हातानं भरलेला हंडा उचलता येत नाही. पोरगी लग्न होऊन गेली होती. कोणी कोणाशी फार बोलायचं नाही. माजी आमदार हंडे वाहतो म्हणून गल्लीत आधी हसले, मग सवय झाली. वहिनी म्हणाल्या, छातीत दुखायला लागल्यावरही त्यानं एक वार चुकवला नाही. त्याला त्यातून काय मिळत होतं ते मला ठाऊक नाही. माफी तर नक्कीच नाही, कारण मंगलनं ती कधी दिली नाही आणि त्यानंही मागितली नाही.

गेल्या आठवड्यात मी वहिनींना भेटायला गेलो होतो. परत निघताना मंगलच्या दारावरून आलो, तर नळ नुकताच आला होता. तिनं हंडा लावला होता. मला बघून तिनं विचारलं, "वकीलसाहेब, आपल्या अपिलाचं काय झालं?"

"चालू आहे," मी म्हणालो. "अजून सुनावणीच्या बोर्डावर आलं नाही."

तिनं मान हलवली. हंडा भरला. ती सवयीनं एक पाऊल बाजूला सरकून उभी राहिली, उचलणाऱ्याला जागा करून दिल्यासारखी. पाणी हंड्याच्या काठावरून वाहायला लागलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं नळाखाली दुसरं भांडं सरकवलं. मी पिशवी खाली ठेवून पुढं झालो.

"राहू द्या," ती म्हणाली. "आज तुम्ही उचलसाल. पुढच्या वाराला?"

 तिनं आतून एक तांब्या आणला, डाव्या हातानं हंड्यात बुडवला आणि आत नेऊन रिकामा केला. परत आली, पुन्हा बुडवला.