सत्यवतीची साय

सत्यवतीएवढी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. गोव्यातल्या चोपड्याची ती, नदीकाठी जन्म गेला, पण होडीत पाय घालायची नाही. माझ्या स्कुटरकडे तर संशयानंच बघायची. तुयेच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच टेबलावर. समुद्रातल्या शेवाळाची पूड पाण्यात घोटली की खळीसारखी चिकट होते. ती काचेवर पातळ पसरायची आणि काच चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. तिथं ती आवळते आणि दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटून येतो. आम्ही त्याला सायच म्हणतो. गाळायच्या डब्यात ती बसवली की पाणी खाली उतरतं, घाण वर राहते.

सत्यवती प्रत्येक साय उजेडापुढं धरून भोक शोधायची. सापडलं नाही तरी पुन्हा धरायची. मुलगी बघायला आलीस काय गो, म्हणून मी तिला चिडवायचे. तिला एकच धास्ती, आपल्या हातून सुटलेलं भोक कुणाच्या तरी पोटाला बाधेल.

पावसात आमोणे गावातल्या काही विहिरी लाल, गढूळ होतात. कारखान्यानं तिथल्या चार घरांत डबे वापरून बघायला दिले. त्यातलं एक घर सत्यवतीच्या लेकीचं, सिद्धीचं. सिद्धीचा मुलगा देवेश नुकता बोलायला लागलेला.

गणपतीची चवथ तोंडावर आली होती. जेवणाच्या सुट्टीत सिद्धीचा फोन आला. देवेशला जुलाब-उलट्या, डिचोलीच्या इस्पितळात आणलंय, डॉक्टर म्हणतात पाणी बाधलंय. सत्यवती होती तिथंच खाली बसली. "माझ्याच हातचा भोक, तारा," एवढंच म्हणाली. मग उठली आणि मी काही बोलायच्या आत माझ्या स्कुटरवर जाऊन बसली.

इस्पितळात पोराला सलाईन लावलेलं. डोळे खोल गेलेले. सत्यवतीनं हाका मारल्या, त्यानं डोळे उघडले नाहीत. सिद्धी आईकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आये, ती साय तूच केललंस मा?"

तो डबा बघितल्याशिवाय सत्यवतीला चैन पडणार नव्हतं. आम्ही आमोण्याला निघालो. वाटभर तिची बोटं माझ्या खांद्यात रुतलेली.

सिद्धीची सासू मालतीबाई पडवीत रडत रडत समई घासत होती. हात चालू ठेवल्याशिवाय जीव राहत नाही, म्हणाली. सत्यवतीनं डब्याचं झाकण काढलं. आत साय नव्हतीच. कडेला थोडा बुळबुळीत थर, बस्स. मालतीबाईनं सांगितलं की चवथीची पितळी भांडी चिंच-मिठाच्या पाण्यात भिजत घातली, तसा हा डबाही सायीसकट घातला, चांगला स्वच्छ व्हावा म्हणून.

"साबण नको सांगितल्यात," ती म्हणाली, "तो मी लावूक नाय. चिंच लावलंय."

मी कपाळाला हात लावला. मीठ आणि आंबट लागलं की साय सुटते, विरघळते. कारखान्यात आम्हाला हे माहीत. आमोण्यात साबणाचं सांगितलं, चिंचेचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पण माझा जीव भांड्यात पडला. तुझ्या हातचं काही नाही, मी सत्यवतीला म्हटलं. मालतीबाईला चार शब्द सुनवावेत म्हणून तोंडही उघडलं, पण सत्यवतीचा चेहरा आणखीच पांढरा पडला होता.

"तारा, चवथ सगळ्यांकडेच आसा."

परक्याच्या दारात हाक मारायला लाजणारी ही बाई चिखलातून अनवाणी धावत सुटली. डबे दिलेल्या उरलेल्या तीन घरांपैकी पहिल्यातली साय शाबूत होती. दुसऱ्या घरी समया आणि डबा चिंचेच्या एकाच टबात, आणि बाहेर पोरं कळशीतलं विहिरीचं पाणी पीत होती. "पिव नकात!" ती ओरडली आणि कळशीच उपडी केली. घरातली माणसं अंगावर आली, तिला त्याचं काही नव्हतं.

तिसऱ्या घराच्या पायरीवर फोन वाजला. सिद्धीचा. सत्यवतीनं तो माझ्या हातात कोंबला. "तू घे. माका ऐकवणा नाय."

सिद्धी रडत होती, म्हणून आधी काही कळेना. मग कळलं. देवेशनं डोळे उघडलेत, चहात बुडवायला उंडो पाव मागतोय. मी ते सत्यवतीला सांगितलं. ती तिथंच पायरीवर बसून हमसून हमसून रडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तेका पाणी खयचा देतत?"