देवापुढचं नाणं

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर पुन्हा कुठल्या ठाण्याची पायरी चढावी लागेल असे वाटले नव्हते. ती दुपार मात्र अजून डोळ्यांसमोरून हटत नाही, कारण त्या दिवशी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो.

शारजात अल मजाज भागात मुलीकडे राहायला गेलो होतो. जावई पुण्याचे, इंजिनिअर, सरळ माणूस. छंद एकच, सुट्टीला मेटल डिटेक्टर घेऊन वाळूत फिरायचे. आम्ही जेवत असताना त्यांना ठाण्यातून फोन आला. शहराबाहेरच्या एका शेतमालकाने तक्रार केली होती. कॅमेऱ्यात कोणी आपल्या जमिनीत उकरताना दिसत होते, गाडीचा नंबरही दिसत होता. जावयांचा घास हातातच राहिला.

"व्हिसा कॅन्सल झाला तर?" मुलगी सारखी हेच म्हणत होती.

मी सोबत गेलो. वयाकडे बघून अधिकाऱ्याने मलाही आत बसवले, चहा मागवला. तरुण, शांत, हिंदी छान बोलणारा. मला अशाच अधिकाऱ्याची धास्ती वाटते; ओरडणारा स्वतःच दमतो.

"परमिशन किसने दी?"

"सर, वॉचमन ने. बोला, यल्ला, जाओ."

"जमीन वॉचमन की है?"

आपल्याकडे फाटकावरच्या माणसाला विचारले की काम भागते, ती सवय नडली. खासगी जमिनीला मालकाची संमती, सरकारी जागेला खात्याची परवानगी, आणि जुनी वस्तू सापडली तर ती घरी न्यायचीच नाही, असे अधिकाऱ्याने बजावले.

"कुछ मिला?"

"नहीं सर. बोतल के ढक्कन."

सकाळीच पूजेला बसताना देवघरात एक काळपट नाणे पाहिले होते. "वाळूत मिळालं, बाबा. घरी आलेली लक्ष्मी, म्हणून देवापुढे ठेवलं," मुलगी म्हणाली होती.

अधिकारी फोन घ्यायला बाहेर गेला. मी हळूच म्हणालो, "जावईबापू, झडतीत सापडलं तर ती चोरी. आपणहून दिलं तर चूक. ठरवा."

"बाबा, जॉब गेला तर सगळं खलास."

"खोटं पचवायला निर्ढावलेला माणूस लागतो. तुम्ही तसे नाही."

शेवटी त्यांनीच मुलीला फोन केला. ती टॅक्सीने नाणे घेऊन आली. अधिकाऱ्याने ते रुमालावर ठेवले. "ये पीला, लाल क्या है?"

"हल्दी-कुंकू, सर. भगवान के सामने रखा था," मुलगी रडतच म्हणाली.

त्याने ते बराच वेळ निरखले. "बेचनेवाला इसको चमकाता. आपने तो और रंग लगा दिया." पहिल्यांदाच तो हसला. नाणे आणि यंत्र जमा झाले, लेखी जबाब झाला, मालकाची समजूत पटली, आणि ताकीद देऊन जावयांना सोडले.

खरे बोला, सुटाल, असे मी नोकरीत कितीजणांना सांगितले असेल. सल्ला खराच होता. पण तो ऐकणाऱ्याच्या छातीत काय होते, ते मला त्या खोलीत कळले.

परतताना गाडीत मुलीने विचारले, "बाबा, ह्यांनी नाणं द्यायला नकार दिला असता, तर तुम्ही अधिकाऱ्याला सांगितलं असतं?"

"आधी घरी पोचू," म्हणत मी गाडीची काच खाली केली.