साहेबांची ओळ

आज कारखान्यातला, वाळूजच्या ऑफिसातून आलेला जुना संगणक चालू केला आणि तापलेल्या धुळीच्या वासानं ते ऑफिस आठवलं.

जानेवारी १९९४. हजर: मी, संगणक सांभाळणाऱ्या सलमाआपा आणि रजेची छापील चिठ्ठी मागणारे पाचोडचे कामगार ज्ञानोबामामा. लेक बाळंतपणाला आलेली, विद्यापीठाच्या नामांतरावरून उद्या बंद, शेवटची एसटी सुटायला आलेली. आणि डिस्क नुसती कुरकुरत होती.

"मशीन झोपलं व्हय?" मामा म्हणाले.

"झोपलं नाय मामा, साहेबांनी झोपवलंय," आपा म्हणाल्या.

मशीन सुरू होताना जी फाइल वाचतं, तिच्यात आमच्या ऑफिसच्या साहेबांनी डिस्कसाठी फारच कमी मेमरी ठेवली होती. आपांनी ती ओळ खोडली नाही. मोठ्यांचं लिहिलेलं आमच्याकडे कुणी खोडत नसे. ओळीच्या सुरुवातीला 'रेम' लिहिलं की मशीन ती वाचत नाही; तसं लिहून त्यांनी ती गप्प केली, खाली नवी लिहिली, मशीन पुन्हा चालू केलं. चिठ्ठी लगेच निघाली आणि मामा स्टँडकडे धावले.

तेव्हा मला तो भित्रेपणा वाटला, आज अदब वाटते. उद्या मशीन भंगारात जाईल. त्याआधी त्यातलं सगळं पुसायला बसले होते. साहेबांची ती ओळ तेवढी माझ्याही हातून पुसवेना.