आठवडाभर पुरणारी गोष्ट

आक्का गेल्याचा निरोप इंदापूरच्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. सकाळची गाडी बारामतीच्या स्टँडवर लावून तो थेट आमच्या दारात आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, तुमच्या जाऊबाई पहाटं गेल्या. सायबांना घिऊन निघा." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. खरं सांगते, मला आधी राग आला, रडू नंतर. महिना उलटला तरी तो राग पुरता उतरलेला नाही. डॉक्टर म्हणतात, तापाचं निमित्त झालं. म्हणोत बापडे. आक्कांना आम्ही सगळ्यांनी मिळून विश्रांती दिली, आणि ती त्यांना सोसली नाही.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. माझे यजमान कालव्याच्या खात्यात नोकरीला, म्हणून आम्ही बारामतीत. थोरलं घर इंदापूरजवळच्या मळ्यात. लग्नानंतर काही वर्षांतच थोरले दीर, आण्णा, विहीर खोदताना दरडीखाली सापडले आणि कमरेखाली लुळे झाले. धडधाकट, सहा फुटी गडी खाटेला खिळला तो कायमचा. त्यांची कूस बदलायची, अंग पुसायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तेल चोळायचं, आणि हे सगळं उरकून वांग्यांची तोडणी, गुरं, घरच्यांच्या नि गड्यांच्या भाकऱ्या... शनिवारी आक्का आमच्याकडे यायच्या तेव्हा ओसरीवर टेकल्या की काही वेळ बोलायच्यादेखील नाहीत. नुसत्या हात बघत बसायच्या.

येण्याचं कारण आण्णांचं औषध. ते बारामतीच्या डॉक्टरांकडे मिळायचं. खरं कारण वेगळं, आणि ते आण्णांनीच काढलं होतं. एकदा ते आक्कांना म्हणाले, "औषधानं काय माझे पाय येत न्हाईत. तू तंबूतला शिणुमा बघून ये, आन् मला सांग." झालं! तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी कऱ्हेच्या काठच्या तंबूत. बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसून आक्का डोळे फाडफाडून बघायच्या. रविवारी सकाळी आमच्या चावीच्या ग्रामोफोनवर एकच तबकडी पुन्हा पुन्हा लावायला सांगायच्या, गाणं पाठ होईपर्यंत. माझे यजमान वैतागून म्हणायचे, "वहिनी, सुई झिजली हो!" मग वाचनालयातून एखादी कादंबरी. आक्का चौथी शिकलेल्या, पण वाचायच्या मात्र ठसक्यात. आणि लोकर. विणकाम मी शिकवलं त्यांना. त्यांनी पहिलं काही विणलं असेल तर आण्णांचे पायमोजे. त्या पायांना थंडी कळत नव्हती की ऊन. मी म्हटलं तसं. तर म्हणाल्या, "त्यांना न्हाय कळत, पर मला दिसतंय की गार पडलेलं."

रविवारच्या शेवटच्या गाडीनं परत. सोमवारी सकाळी आण्णांची पाठ चोळता चोळता गोष्ट सुरू. ती एका दमात सांगायची नाही, हा आक्कांचा कावा. सोमवारी थोडी, मंगळवारी थोडी, मधे गाणं गुणगुणायचं, आणि ऐन मोक्यावर "आता भाकऱ्या व्हायच्यात" म्हणून उठायचं. आण्णा खवळायचे. एका चित्रपटात आठवडा काढायचे दोघं. आमच्या सासूबाईंना, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, हे बिलकूल पसंत नव्हतं. पलीकडं चुलीपुढं त्यांची भांडी आपटणं चालू असायचं. "घरात मानूस पडून हाय आन् हिला गानी सुचत्यात," हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

गेल्या वर्षी आण्णा गेले. पहिल्या दिवसापासून लोक एकच म्हणायला लागले, सुटली बिचारी. आमच्यात विधवेनं वर्षभर कोपरा धरायचा असतो. गाणं नाही, तमाशा-सिनेमा नाही, सणाला दारात यायचं नाही. आत्यांनी आणखी पुढं जाऊन मळ्यातलं कामसुद्धा बंद केलं. "लई राबलीस. आता बस निवांत." मायेनंच म्हणाल्या, मी नाही म्हणत नाही. पण ज्या बाईला सबंध आयुष्यात हात रिकामे ठेवायची सवय नव्हती, ती बसून करणार काय? मी जायचे तेव्हा त्या कोपऱ्यात बसून विणत असायच्या. वीतभर विणायच्या, उसवायच्या, पुन्हा तीच लोकर. पुस्तक नेलं तर उशाशी ठेवून द्यायच्या. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. एकदा मी रडून म्हटलं, "आक्का, अशानं मराल हो तुम्ही." त्या हसल्या, आणि ते हसू मला अजून सहन होत नाही.

वर्षश्राद्ध झालं तशी मी आत्यांशी भांडायलाच गेले. "आता पाठवा त्यांना माझ्याकडे."

"लोक शेण घालतील तोंडात. नवऱ्याचं वरीस सरतंय न सरतंय तवर निघाली तंबूत!"

"घालू देत. बाई जिवंत तरी राहील."

आत्यांनी आत, आक्कांच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "जा, घिऊन जा तिला. पर म्या सांगितलं न्हाय."

तंबूत तेव्हा पुरात ताटातूट झालेल्या मायलेकींचा चित्रपट लागला होता. आक्का पूर्वीसारख्याच टक लावून बसल्या. मला वाटलं, जिंकले! मध्यंतर झालं, पुन्हा सुरू झालं, आणि थोड्याच वेळात त्या उठल्या. "चल."

बाहेर आल्यावर विचारलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाल्या, "तसं न्हाय गं. बघता बघता मनात जुळवाय लागले. हे सोमवारी सांगायचं, हे मंगळवारी... मग ध्यानात आलं. कुनाला सांगू?"

"मला सांगा की आक्का."

"तू तर बघितलंस."

सकाळच्या गाडीनं गेल्या त्या गेल्याच. पुढं पंधरवड्यात ताप आला. उठायची इच्छाच नव्हती त्यांना, हे मी डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलंय.

तेराव्याला सगळे पांगल्यावर आत्या मला आण्णांच्या खोलीत घेऊन गेल्या. खाट कधीच काढलेली. खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधे कुडाची भिंत. तिच्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी पलीकडं असायची. ती सांगाय लागली की भाकरी थापायची थांबायची... आवाज हुईल म्हून. इतकी वर्सं ऐकलं मी."

आत्यांचा हात भिंतीवरच होता.

"शेवटची तुमच्याकडनं आली तवा मी दोन दिस वाट बघितली. बोललीच न्हाय कुनाशी."

"मग विचारायचं होतं, आत्या! तुम्ही नुसतं विचारलं असतं तरी..."

"कोन्या तोंडानं इचारू? मीच तर वरीसभर तोंड बंद केलं व्हतं तिचं."

म्हातारी भिंतीशी खाली बसली. पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. मलाही बसवलं.

"तू व्हतीस ना संगं? सांग."

मला आक्कांसारखं सांगता येत नाही. पूर आला, नाव उलटली, पोर वाहून गेली, आई गावोगाव शोधत हिंडते, एवढं अडखळत सांगितलं. आत्या मान हलवत ऐकत होत्या. मी थांबले तशा पुढं सरकल्या.

"भेटली का मायला लेक?"

"ठाऊक नाही, आत्या. आम्ही अर्ध्यातनं उठलो होतो."