आबांची खाट कुठे टाकायची

आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मळ्यात केळीची कापणी चालली होती. हात गेला, पाय गेला आणि वाचाही गेली. ऐकू यायचं, कळायचंही सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आई आधीच गेलेली. गावी शेती बघणारा धाकटा भाऊ, त्याची दिवस भरत आलेली बायको, आणि चोपड्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण असलेली मी, एवढंच आमचं घर. मी विधवा होऊन माहेरी आले तेव्हा भाऊबंदांचं काही न ऐकता आबांनी मला ट्रेनिंगला पाठवलं होतं. त्यामुळे माझ्या हातात जी काही धमक होती ती त्यांचीच होती.

तीन आठवड्यांत आबांची पाठ सोलवटली. आम्हाला त्यांची कूस बदलायला जमत नव्हतं, आणि जमलं तरी वेळेवर होत नव्हतं. चोपड्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की चार-पाच महिने जाणत्या हाताखाली ठेवा, नाहीतर वाऱ्याने नाही, जखमांनी जातील.

भाऊ कळवळला. ''अक्का, आबा घरमाच ऱ्हातीन. बाप जड व्हई गया आसं म्हनतीन लोके.''

''लोक पाठ धुवायला येणार आहेत का?'' मी म्हणाले. मी कंबर कसली.

जळगावला एका डॉक्टरांनी नवा खाजगी दवाखाना काढला होता, तिथे रोग्यांना महिनोन् महिने ठेवून घेत. मी आधी पत्र टाकलं आणि रविवारी गेले. डॉक्टरांनी स्वतः हिंडून दाखवलं. चकचकीत फरशी, दोरी लावून मांडाव्यात तशा सरळ रेषेत खाटा, सुरकुती नसलेल्या चादरी. एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवून त्यांनी त्याचा सदरा वर केला आणि म्हणाले, ''बघा, दोन महिने झाले, एक ओरखडा नाही.'' मी वाकून बघितलं. पाठ खरोखर स्वच्छ होती. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते, तेही मी बघितलं, पण मनावर घेतलं नाही. मला पाठ बघायची होती.

परतीच्या मोटारीत मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. दिपोटी इन्स्पेक्टर तपासणीला येणार असं कळलं की आमच्या शाळेत काय काय होतं ते मला ठाऊक होतं. भिंतीवर नवे नकाशे चढत, शेंबड्या पोरींना घरी ठेवा म्हणून निरोप जात, आणि हुशार चौघी पुढच्या रांगेत बसत. मी स्वतः बसवल्या होत्या. मग पत्र टाकून गेलेल्या मला काय दिसणार?

पुढच्या आठवड्यात किरकोळ रजा काढून मी बुधवारी दुपारी न सांगता जळगाव गाठलं. कुणाची तरी नातेवाईक असावी तशी आत जाऊन बाकावर बसले. शेजारी अमळनेरकडची एक बाई सासऱ्याला घेऊन आलेली होती. तिने मला शेंगदाणे दिले आणि कुणाचं कोण आहे म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. बाप बोलत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

''बहीन, आठे जो बोंबलस त्याले पानी भेटस,'' ती हळूच म्हणाली. ''मना सासरा वरडस, म्हनीसन बरं शे. तो कोपरामधला म्हातारा दखा. सकायपाईन व्हट चाटी ऱ्हायना.''

सकाळपासून ओठ चाटत पडलेला तो कोपऱ्यातला म्हातारा म्हणजे ज्याची पाठ मला दाखवली होती तोच. पाण्याचं भांडं भरून ठेवलेलं होतं, पण ठेवलं होतं त्याच्या लुळ्या हाताच्या बाजूला. मी उठले आणि त्याला पाणी पाजलं. दोन भांडी प्यायला. वॉर्डबॉय ओरडत आला, ही भेटायची वेळ नाही म्हणून. मी त्याला असा काही झाडला की खाटांवरच्या माना वळल्या. पण झाडून काय उपयोग? मी गेल्यावर भांडं पुन्हा त्याच बाजूला जाणार होतं. जळगाव माझ्यापुरतं मिटलं.

धुळ्याला काही सज्जनांनी मिळून चालवलेलं एक शुश्रूषागृह असल्याचं शाळेतल्या एका बाईंकडून कळलं. अमळनेरहून रेल्वेने नरडाणा आणि पुढे मोटार, असा घामटा काढणारा प्रवास करून मी पोचले. जुनी कौलारू इमारत, फिनेलचा वास आणि दारात एक जाडजूड नर्सबाई. तिने हात आडवा धरला.

''आत्ता आत नाही जायचं.''

''वडिलांसाठी जागा बघायलाच आले आहे. चोपड्याहून.''

''मुंबईहून आला असतात तरी थांबावं लागलं असतं.''

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ''दाखवत नाही म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी असणार,'' मी म्हणाले.

''आहे ना,'' ती म्हणाली. ''आंघोळी चालल्यात. तुमच्या वडिलांची आंघोळ चालू असताना मी परक्या बाईला आत सोडलं तर चालेल तुम्हाला?''

मी तरातरा बाहेर येऊन ओट्यावर बसले. फडक्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सोडली आणि तशीच मांडीवर ठेवली. जळगावच्या त्या म्हाताऱ्याचे मिटलेले डोळे आठवले. परक्या माणसाची उघडी पाठ मी बाजारात बैल पारखावा तशी वाकून बघितली होती. मला माझीच लाज वाटली.

तासाभराने तिने मला आत बोलावलं. पहिल्यांदा डोळ्यांना खुपल्या त्या खाटा. एकही ओळ सरळ नव्हती. कुणाचं डोकं भिंतीकडे, कुणाचं दाराकडे, एक खाट तर पार तिरपी. माझ्या वर्गात अशी बाकं असती तर मी पोरींना उभं केलं असतं. मी तसं बोललेही.

''ज्याचा जो हात चालतो त्या हाताशी पाणी यायला हवं,'' ती म्हणाली. ''पाणी ठेवायचे ओटे बांधीव, ते हलत नाहीत, म्हणून खाटा फिरवल्यात.''

मी एकेक खाट बघत गेले. खरंच होतं. छप्पर दोन ठिकाणी गळल्याचे डाग होते, संडास लांब होता आणि दुपारचं वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी. ते सगळं मी तिला तोंडावर सांगितलं. ''खरं आहे,'' ती म्हणाली. मी तिथेच ठरवलं.

आठवड्याने भावाने कापसाच्या ट्रकमध्ये गाद्या अंथरल्या आणि आम्ही आबांना धुळ्याला आणलं. भाऊ ट्रकबरोबर लगेच परतला. मी दुपारच्या मोटारीने निघणार होते. नर्सबाईने खाट फिरवून घेतली, आबांना निजवलं, आणि मी त्यांच्या खाण्यापिण्याचं सांगायला लागले तशी तिने मला हातानेच थांबवलं.

''तुम्ही नका सांगू.'' ती आबांकडे वळली. ''आबा, हो असेल तर डाव्या हाताने खाटेची दांडी एकदा वाजवायची. नाही असेल तर दोनदा. इथे राहणार ना?''

महिनाभर मी दोन गावं पालथी घातली होती, पाठी बघितल्या, भांडी बघितली, वॉर्डबॉयशी भांडले होते. ज्यांच्यासाठी हे केलं त्यांना एका शब्दानेही विचारलं नव्हतं.

आबांनी दांडी दोनदा वाजवली.

मला रडूच फुटलं. नर्सबाई जागची हलली नाही. ''जागा आवडली नाही म्हणून?'' तिने विचारलं. दोनदा. ''मी आवडले नाही म्हणून?'' दोनदा, आणि या वेळी आबांचा अर्धा ओठ जरा हलला. ''घरी जायचंय?'' आबा बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग दोनदा. नर्सबाईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

''लेकीने आज जाऊ नये?''

एकदा.

मी पिशवी खाटेखाली सरकवली आणि शाळेला रजेची तार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी झाल्यावर, मी स्वतः विचारलं, ''आबा, इथे राहाल? मी जाऊ?'' त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि दांडी एकदा वाजवली.