यमुताईंचा घरचा अभ्यास

यमुताईंना घोकंपट्टीचा राग होता. साधासुधा नव्हे, तळपायाची आग मस्तकात जाईल असा. एखाद्या पोरीनं "पाणी उकळलं म्हणजे वाफ होते" असं डोळे मिटून म्हटलं की बाई लगेच विचारायच्या, "तू पाहिलंस का उकळताना?"

"हो बाई, रोज चहाले ठेवतो ना."

"मग सांग, पहिला बुडबुडा कुठून निघतो? तळातून की कडेनं?"

पोरगी डोकं खाजवायची. "मग जा," बाई म्हणायच्या, "आज घरी हाच अभ्यास. चुलीपाशी बस आणि पाहून ये." पोरीच्या घरी त्या संध्याकाळी चहाचा पार काढा व्हायचा आणि घरचे बाईंच्या नावानं बोटं मोडायचे.

ही सदुसष्ट-अडुसष्ट सालची गोष्ट. लकडगंजाच्या अलीकडे मुलींची एक मिडल स्कूल होती, पाचवी ते सातवी. यमुताई महाल भागातल्या घरून पायी तिथं यायच्या. लग्न राहून गेलेलं, वय पस्तिशीकडे झुकलेलं, घरी थोरला भाऊ विश्वनाथ आणि त्याचा संसार. विश्वनाथ सरकारी कचेरीत कारकून होता. तो म्हणायचा, "यमे, तुला पगार शिकवण्याचा मिळतो. पोरींच्या स्वयंपाकघरात शिरण्याचा नाही." यमुताई हसून सोडून द्यायच्या. तेव्हा त्या हसायच्या, बरं का.

त्यांचा घरचा अभ्यास म्हणजे वहीत धडा उतरवणं नव्हतंच. पाचवीच्या पोरींनी घराचं दार आपल्या वितीनं मोजायचं, मग आजीच्या वितीनं, मग मीटरच्या पट्टीनं, आणि तीन उत्तरं वेगळी का आली ते सांगायचं. सहावीनं दोन डब्यांत मेथी पेरायची, एक डबा उजेडात, एक कोठीत. सातवीनं एक रविवार सगळं घर एकटीनं चालवायचं, आणि त्याशिवाय स्वतःचा एक प्रश्न शोधायचा. स्वतःचा म्हणजे पुस्तकात नसलेला. त्याचं उत्तरही घरीच शोधायचं, करून बघून.

या सगळ्यामागं बाईंचं एक दुखणं होतं. सातवी झाली की पोरी शाळेतून गळायच्या. आठवीसाठी दूरच्या हायस्कुलात जावं लागे आणि बाप म्हणत, "पोरगी शिकून कोणता उजेड पाडणार?" बाईंना वाटे, यांना दिसतच नाही शाळा काय शिकवते ते. दिसलं तर पाठवतील. म्हणून त्या दरवर्षी शिमग्याच्या आधी शाळेच्या अंगणात पोरींच्या कामाचं प्रदर्शन भरवायच्या आणि घरोघरी जाऊन आईबापांना बोलवायच्या. एखाददुसरा बाप पाघळायचा, एखाददुसरी पोरगी आठवीत जायची. तेवढ्यावर बाई वर्षभर तरून जायच्या.

त्या वर्षी सातवीत प्रेमिला होती. रुपरावांची मोठी मुलगी. रुपराव मूळचे भिवापूरकडचे. लकडगंजात त्यांची पिठाची चक्की होती. प्रेमिला शाळेत उशिरा घातलेली, पंधराव्यात पडलेली, वर्गात सगळ्यांत उंच. तिनं एक दिवस बाईंना विचारलं, "बाई, आमच्या चक्कीत सगळ्यांचा गहू सारखाच दळल्या जाते. मग एकीची लंबी रोटी हातभर लोंबते अन् एकीची मटक्यावर टाकायच्या आधीच तुटते. ते काहून?"

लंबी रोटी म्हणजे आपल्याकडची. सैल कणीक परातीत आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळायची, मग गोळा दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि उलट्या तापल्या मटक्यावर अलगद पसरायचा. यमुताईंच्या घरी तो प्रकार नव्हता. पण प्रश्न ऐकून बाईंना खुर्चीत बसवेना. असा प्रश्न! पुस्तकात नसलेला, आणि चक्कीवाल्याच्या पोरीलाच पडावा असा!

"शोध," बाई म्हणाल्या. "सगळं पाणी सारखं, सगळं मळणं सारखं, फक्त गहू बदल. आणि पट्टीनं मोज."

प्रेमिलानं मोजलं. गिऱ्हाइकांकडून मूठमूठ पीठ मागून घेतलं, वेगवेगळ्या गव्हाची कणीक भिजवली, काठीवर टांगून कोणती कितीशी ताणते आणि कुठं तुटते ते पाहिलं. मग भिजवून ठेवलेली आणि लगेच घेतलेली, असाही फरक पाहिला. शेवटी एका मोठ्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं तक्ता काढला. उभ्या रेघेवर लांबी, आडव्या रेघेवर गहू. बाईंनी तो घरी नेऊन विश्वनाथपुढं पसरला. "बघ, बघ! ही मुलगी विज्ञानाला जाणार, लिहून ठेव."

विश्वनाथ म्हणाला, "तिचा बाप काय म्हणतो?"

बाप काय म्हणणार? "सातवी झाली का बस, बाई. लय झालं." रुपराव वाईट माणूस नव्हता हो. चक्कीत आलेल्या म्हातारीचं दळण आधी दळून द्यायचा. पण पोरीच्या बाबतीत त्याचं गाडं सातवीला येऊन ठप्प व्हायचं. यमुताईंनी मनाशी गाठ बांधली, काय वाटेल ते होवो, प्रेमिला आठवीत गेलीच पाहिजे.

आणि इथं बाईंची बुद्धी फिरली. त्यांनी विचार केला, रुपरावला हा तक्ता काय कळणार? त्याला जे कळतं तेच त्याच्यापुढं ठेवावं. त्यांनी प्रेमिलाला बोलावलं. "तू प्रदर्शनात लंबी रोटीच करून दाखव. अंगणात चूल मांडू."

प्रेमिलाचा चेहरा उतरला. "बाई, रोटीत काय हाये? माझा तक्ता पाहू द्या ना लोकांले."

"तक्ता मागं लावू. आधी रोटी बघतील, मग आपोआप तक्ता बघतील."

"पण आई नको म्हणते. मले येते रोटी, पण चारचौघांत आई मले मटक्यापाशी उभीच राहू देत नाही. कणकेचे प्रयोग केले तेव्हाबी रागावली होती."

"आईला मी समजावते," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आई लाजाळू असेल. प्रेमिलाच्या आईशी, जिजाबाईंशी, त्या बोलल्याही. जिजाबाई नुसतं पदराचं टोक पिळत राहिल्या, म्हणाल्या, "नका ना बाई, राहू द्या." का, ते बोलल्या नाहीत. शेजारी रुपराव बसला होता. तोच उलट खूश होऊन म्हणाला, "त्या दिवशी भिवापूरहून आमचे पाहुणे येऊन राहिले."

"आणा की त्यांनाही!" बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी बघू दे." चार नातेवाइकांनी वाहवा केली की बापाची छाती फुगेल, असा त्यांचा हिशेब.

प्रदर्शनाच्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दारांची मापं, मेथीचे डबे सगळं ओस पडलं आणि माणसं चुलीभोवती गोळा झाली. प्रेमिलानं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली, कणीक परातीत दणादण आपटली आणि गोळा हातांवर घेतला. तो या हातावरून त्या हातावर असा उतरत गेला की बायांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मलमलीसारखी रोटी कोपराखाली लोंबली आणि अलगद मटक्यावर बसली. एक तुटली नाही. तुटणार कशी? कोणता गहू, किती पाणी, किती वेळ भिजवायचा, पोरीनं सगळं मोजून ठेवलं होतं.

भिवापूरचे पाहुणे म्हणजे महादेवराव आणि त्यांची बायको रुखमाबाई. मिरचीचं मोठं रान, घरी लग्नाचा मुलगा. रुखमाबाईंनी रोटीचा काठ बोटांनी चाचपला, तुकडा तोंडात टाकला. "कोणं शिकवलं वं तुले?"

"आमच्या बाईनं," प्रेमिला म्हणाली. "त्या म्हणते, सगळं करून पाहा."

रुखमाबाई बाईंकडं वळल्या. "घराचं करते का हे?"

बाईंना तर पंखच फुटले होते. "करते? अहो, एक अख्खा रविवार हिनं घर एकटीनं चालवलंय! पहाटेपासून रात्रीपर्यंत. सात माणसांचा स्वयंपाक, धाकटीचं न्हाणं, दळण, पाणी, सगळं. असं नियोजन माझ्या वर्गात दुसऱ्या कुणाचं नाही." आता बोला! प्रेमिलाची एवढी शिफारस तिच्या सख्ख्या मामानंही केली नसती.

तक्ता मागं भिंतीवर होता. महादेवराव त्यालाच पाठ टेकून उभे राहिले होते, आणि दुपारी गर्दी हटली तेव्हा त्यावरचे रंग त्यांच्या सदऱ्याला लागून फिसकटलेले दिसले.

दोन-तीन दिवसांनी रुपराव पेढे घेऊन शाळेत आला. चक्क बाईंच्या पायाला हात लावला. "तुमच्यानं जमलं, बाई! तुमच्यानंच जमलं."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मग आठवीत पाठवता ना?"

"आठवी कायची? भिवापूरले! महादेवरावाच्या पोराले दिली. त्याइनं तं काही मागितलंबी नाही. म्हणे, असं शिकलेलं पोर पायजे होतं."

पेढा बाईंच्या हातात तसाच राहिला. त्या त्याच संध्याकाळी चक्कीवर गेल्या. हातापाया पडल्या म्हणा ना. वयाचं बोलल्या, परीक्षेचं बोलल्या, निदान दोन वर्षं थांबा म्हणाल्या. रुपरावला कळेचना की बाई रागावल्यात कशाला. "बाई, तुम्हीच तं सांगितलं का ते घर सांभाळते. मग आता काहून नाही म्हणता?"

जिजाबाई त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांचा आवाज वर चढला नाही. "बाई, आमच्यात लंबी रोटी साधली म्हणजे पोरगी लग्नाले आली. कोणी विचारलं का मी म्हणो, हिले रोटी येत नाही अजून, हाताले वळण नाही. दोन वर्षं असंच सांगून सांगून स्थळं परतवली मी. म्हटलं, शिकू दे तेवढं. अन् तुम्ही साऱ्या गावापुढं तिले मटक्यापाशी उभी केली."

"मला सांगायचं होतंत हो!"

"कशी सांगू? हे बसले होते ना तिथं."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे आपण सहज म्हणतो. ज्याच्या हातून होतं त्याला विचारा. निघताना प्रेमिला दारापर्यंत आली. रडत नव्हती. म्हणाली, "बाई, तिसऱ्या गव्हाचं एकदा पुन्हा मोजून पाहायचं राहिलं होतं. मले त्यात चूक वाटते." चैत्रात वार्षिक परीक्षा होती. ती द्यायला प्रेमिला नव्हती.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाला कधी नव्हे एवढी गर्दी जमणार अशी लक्षणं दिसू लागली. आया येऊन विचारू लागल्या, "बाई, आमच्या पोरीलेही रोटीवर घ्या, स्थळ पाहून राहिलो." मुख्याध्यापिका अरुंधतीबाई हरखल्या. म्हणाल्या, "यमुताई, पालक शाळेशी जोडले गेले बघा!" यमुताईंनी प्रदर्शन बंद केलं. घरचं मोजणं, पेरणं, रविवारचं घर, सगळं बंद. ज्यातून पोरगी हुशार दिसेल असं काही घरापर्यंत जाऊच द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्या आता फळ्यावर लिहायच्या, "धडा पाचवा, दहा वेळा उतरवून आणा." पोरी आणायच्या. बाई तांबड्या शाईनं सही करायच्या. विश्वनाथ म्हणाला, "शहाणी झालीस." त्यावर त्या हसल्या नाहीत.

मग तीनेक वर्षांनी रुपरावांची धाकटी, शामला, पाचवीत आली. बहिणीसारखीच उंच, तसेच डोळे. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "बाई, चक्कीचं पीठ गरम काहून असते?"

यमुताईंच्या ओठांवर शब्द आला होता. हात लाव, मोज, दळायच्या आधी आणि नंतर. त्यांनी तो गिळला. "धडा काढ," त्या म्हणाल्या. दोनचार वेळा असं झालं आणि शामलानं विचारणं सोडलं. तिचं अक्षर मात्र फार सुरेख झालं.

बाईंचा डाव साधला, म्हणायचा तर साधला. सातवी झाली तेव्हा रुपराव म्हणाला, "हिले काहीच येत नाही. कोण करणार हिले? जाऊ द्या आठवीत, काही शिकून तं येईल." शामला हायस्कुलात गेली. लकडगंजातल्या त्या गल्लीतून आठवीत जाणारी पहिली पोरगी. यमुताईंनी त्या दिवशी घरी देवापुढं साखर ठेवली.

वर्षभरानं, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, रुपराव पुन्हा शाळेत आला. अंगावर तसंच पीठ, पण केस पांढरे झालेले. शामला त्याच्यामागं खाली मान घालून उभी. गणितात आणि विज्ञानात नापास. वर्गात काही समजून नाही राहिलं, म्हणे. मास्तर प्रश्न विचारते आणि ही नुसती पाहत राहते. आता शाळा बंद, सावनेरकडचं एक स्थळ आलंय, बिजवराचं. दुसरं कोण करणार, हिला रोटी येत नाही आणि पुस्तकही येत नाही.

यमुताई खुर्चीवरून उठल्या.

रुपराव भांडायला आला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो म्हणाला, "बाई, मोठीले तुम्ही एवढं शिकवलं. मंग हिलेच काहून नाही शिकवलं? हिनं तुमचं काय वाईट केलं होतं?"