धाब्यावरची तीन फुटी छत्री

टीव्हीवर क्वालिटीची पट्टी अर्ध्यावर आली आणि मी वर आवाज दिला, "अजून थोडी उजवीकडं, बापूभाऊ." तेवढ्यात झोळीत निजलेल्या माझ्या आरूच्या तोंडावर माती पडली. जास्त नाही, चिमूटभर. पांढरी, भुरभुरीत. ती झोपेतच शिंकली.

मी वर बघितलं. झोळी ज्या कडीला बांधली होती ती कडी, म्हणजे छताचं आडवं जाड लाकूड, मधोमध खाली आली होती. बापूभाऊ वर छत्री हलवायचे की कडीतून कुरकुर आवाज यायचा.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर कळणार नाही. साक्रीला नानांचं डिशचं दुकान आहे, मी तिथं कामाला आहे. शिक्षण माझं नववी, तेही अर्धंच. छत्री, म्हणजे ती डिश, लावायला दोन माणसं लागतात. एक वर छत्री फिरवतो, एक खाली टीव्हीसमोर बसून सांगतो. टीव्हीवर दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंथ, एक क्वालिटी. स्ट्रेंथ तर छत्री कुठंही तोंड करून ठेवली तरी दिसते, तिला भुलायचं नाही. क्वालिटी वाढली की समजायचं, छत्री बरोबर बघतेय. वर बापूभाऊ असतात, आमचे फिटर. खाली मी. नवरा ट्रकवर, घरी पोरीला बघायला कोणी नाही, म्हणून आरू माझ्याबरोबरच फिरते.

त्या दिवशी साक्रीच्या पुढच्या एका गावात काम होतं. घर अक्कांचं. म्हातारी एकटी राहायची, त्यांचे मालक, आबा, जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतला. मुलानं नवा टीव्ही धाडला होता आणि नानांना फोनवर सांगितलं होतं, मोठी तीन फुटी छत्री लावा आणि उंच लावा, पावसात आईचा टीव्ही बंद पडायला नको. शेजाऱ्यांची दोन फुटी होती, पाऊस आला की तिचं चित्र जायचं, तेच त्याच्या डोक्यात होतं. मी ती छत्री बघितली. तिचं तोंडच वाकडं बसवलेलं. नीट बसवली तर दोन फुटी आपल्याकडं भागते. फार जोराचा पाऊस असला तर थोडा वेळ जातं चित्र, ते मोठीचंही जातं.

आणि उंचीचं तर काहीच नसतं. जुना ॲन्टेना होता तेव्हा लांबच्या टॉवरवरून लहर यायची, म्हणून लोक तो बांबूला बांधून घरावर उभा करायचे. छत्रीला लहर आभाळातून येते. तिला फक्त आग्नेयेकडचं आभाळ मोकळं पाहिजे, मध्ये झाड नको, भिंत नको. अक्कांच्या आंगणातून आग्नेय पूर्ण मोकळी होती. मी तेच म्हटलं, आंगणात पाइप रोवू.

अक्का म्हणाल्या, "आंगनमा छत्री? म्हैस शिंगं मारी तिले. आनि गावले कसं दिसी? आबा व्हतात तवय बी ॲन्टेना वरच व्हता."

मी नानांना फोन लावला.

"गिऱ्हाईक काय म्हणतं?" नाना म्हणाले.

"वरच म्हणतात. पण नाना, धाब्याचं घर आहे."

"मग? गावात बठ्ठी धाब्याचीच घरं. तू इंजिनेर कधीपासून झाली?"

फोन ठेवला त्यांनी.

धाब्याचं घर म्हणजे मातीचं सपाट छत. खाली लाकडाच्या कड्या, त्यावर फळ्या-काटक्या, त्यावर माती. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्याच्या आधी वरून खारी माती टाकतात, पांढरी असते. दर वर्षी नवा थर टाकतात, जुना कोणी काढत नाही. म्हणजे छत वर्षावर्षाला जडच होत जातं. त्यात पोळा झालेला, सगळा पाऊस धाब्यात मुरलेला.

अशा छतावर बोल्ट बसत नाही. मग छत्रीचं स्टँड नुसतं ठेवायचं आणि त्याच्या पायांवर दगड रचायचे, वाऱ्यानं उडू नये म्हणून. दोन फुटीला थोडे लागतात. तीन फुटी वारा धरते, तिला फार लागतात. बापूभाऊंनी बांधावरचे दगड घमेल्यानं वर नेले. शिडीवरून किती खेपा झाल्या. मी खाली आरूला झोळीत टाकून बॉक्स जोडत होते.

तर ती कडी वाकली.

मला ओरडायचं होतं, बापूभाऊ खाली या. तोंड उघडलं आणि मिटलं. शिडी पुढच्या बाजूला, ते मागच्या कोपऱ्यात. खाली या म्हटलं की ते धाब्याच्या मधून चालत येणार, माझ्या पोरीच्या डोक्यावरून.

"बापूभाऊ," मी म्हटलं, "चालू नका. आहे तिथंच भिंतीवर पाय ठेवून उभे राहा."

"का गं? सिग्नल गेला का?"

"कडी वाकलीय. आरू खाली आहे."

वरची कुरकुर थांबली. मग हळूच म्हणाले, "तू पोरीला काढ आधी."

झोळी त्याच कडीला. तिला ओढ बसायला नको म्हणून मी खालून एक हात घातला, एक हात मानेखाली, आणि आरूला अशी उचलली की दोरी हललीसुद्धा नाही. अक्का टीव्हीशेजारी शेंगा फोडत बसलेल्या.

"अक्का, चला बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"काय व्हयनं वं?"

"घर पडतंय. चला."

आल्या बाहेर. सुपासकट आल्या. बापूभाऊ भिंतीच्या कडेकडेनं शेजारच्या घरावर गेले. आम्ही तिघी आंगणात. मला वाटलं, झालं, सुटलो. आरू जागी होऊन रडायला लागली, मी तिला थोपटत होते.

अक्का दारातून आत बघत म्हणाल्या, "टीव्ही मजारच राहिना."

"राहू द्या अक्का."

"मना पोऱ्यानी धाडेल शे."

आणि त्या वळल्या. मी एका हातानं त्यांचा पदर धरला. दुसऱ्या हातात आरू. पदर जुना, मऊ होता, माझ्या मुठीतून निघून गेला. त्या दारातून आत गेल्या आणि धाबं खाली आलं. मोठा आवाज नाही झाला. धान्याचं पोतं मोकळं केल्यासारखा झाला. मग नुसती धूळ, दारातून, खिडकीतून. काही दिसेना.

गाव धावलं. फावडी, घमेली, हात. बापूभाऊ तर नखांनी माती उकरत होते. अक्का निघाल्या तेव्हा श्वास चालू होता. जीपमध्ये घालून साक्रीला नेलं, तिथून धुळ्याला. कंबर मोडलेली, छातीत माती गेलेली. त्या परत घरी आल्या नाहीत.

मुलगा सुरतहून आला. आंगणात मातीच्या ढिगावर छत्री आडवी पडली होती, तिच्याकडं बघत विचारलं, "एवढे दगड कोणी नेले वर?"

"मी," बापूभाऊ म्हणाले.

त्यानं मान हलवली. म्हणाला, "मोठी लावा म्हणून मीच सांगितलं होतं." मग खालीच बसला.

नानांनी दुकानात मला बाजूला घेतलं. "पोलिसांनी विचारलं तर घर जुनं होतं म्हणायचं."

"जुनं होतंच. पण दगडांचंही सांगणार, नाना."

"मग कामाला यायची गरज नाही."

मी सांगितलं. पोलिसांना दगडांचं, तीन फुटीचं, फोनचं, सगळं सांगितलं. महिनाभर घरी बसले. मग नानांचाच निरोप आला. ज्या घरात पुरुष नसतो तिथं बाया बाई पाठवा म्हणतात, आणि दुसरी बाई त्यांना मिळाली नव्हती.

आता आरूला शेजारच्या काकूंकडं ठेवते. कुठल्याही घरात गेले की टीव्ही नंतर, आधी वर बघते. कडी वाकलीय का, ओल आहे का, माती गळते का. धाबं असेल तर दोन फुटी छत्री, आंगणात पाइप रोवून, म्हशीसाठी भोवती काटे. आंगणात शोभत नाही म्हणाले तर सामान उचलून परत येते, नाना ओरडतात, ओरडू द्या. चित्र दोन्हीकडं सारखंच येतं.